फ्रान्समध्ये जेवायला बसताना: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की फ्रान्सला राहायला निघालेल्यांनी किंवा तिथे जाऊन पोचलेल्यांनी खाण्यापिण्याचे, बोलण्याचालण्याचे प्रश्न पाठवा, आणि पाठवलेत की हो भरभरून! व्हिसा, घरभाडं वगैरे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुन्हा कधीतरी. मी लिऑनमध्ये राहते त्यामुळे उत्तरं लिऑनकडे झुकणार, पॅरिसवाल्यांनी जरा सांभाळून घ्या.

प्रश्न: नवऱ्याची बदली लिऑनला झालीय. आम्ही शाकाहारी, मी अंडंही खात नाही, नवरा आणि पाच वर्षांची मुलगी अंडं खातात. जो तो सांगतोय की लिऑनमध्ये मांसाशिवाय पान हलत नाही. मग आम्ही खायचं काय? (डोंबिवलीची एक वाचक)

ताई, सांगणारे खोटं सांगत नाहीयेत, पण ते सगळे हॉटेलात जेवून परत गेलेले लोक आहेत. इथली जुनी छोटी खानावळ म्हणजे बूशों, तिच्या मेन्यूवर डुकराच्या आतड्यांचं सॉसेज असतं (आंदुयेत म्हणतात, वास लांबूनच कळतो), गाईच्या पोटाच्या अस्तराचा तळलेला तुकडा असतो, आणि केनेल नावाचा एक पांढराशुभ्र गोरागोमटा प्रकार असतो जो बघून वाटतं रव्याचंच काहीतरी आहे, पण बहुतेक वेळा त्यात नदीतला मासा असतो. सॅलड मागवाल तर लिऑनच्या सॅलडमध्ये बेकनचे तुकडे आणि वर अर्धवट उकडलेलं अंडं. हे बेकनचे तुकडे, लार्दों, ते लोक मांस म्हणून मोजतच नाहीत असं मला कधीकधी वाटतं. ‘मांस नको’ सांगितलं तर ट्युना आणून ठेवतात, म्हणून मांस नको, मासा नको, हॅम नको, बेकन नको अशी पूर्ण यादीच म्हणायची, लाजायचं नाही.

तरीही बूशोंत जा एकदा, वातावरण बघायला. सर्व्हेल द कॅन्यू मागवा, म्हणजे ताज्या पांढऱ्या चीजमध्ये कांद्याच्या जातीतलं शॅलट, लसूण, चिरलेली पात, तेल, व्हिनेगर, मीठमिरी. पावाला लावून खायचं. रेशीम विणणाऱ्या कामगारांचं खाणं आहे ते, या शहराचं सगळं वैभव त्या रेशमावर उभं राहिलं. सोबत ग्रातँ दोफिनुआ, बटाट्याच्या पातळ चकत्या दूध, क्रीम आणि लसणात भाजलेल्या. नवऱ्याला आणि मुलीला शेवटी गुलाबी प्रालिनचा टार्ट द्या, तो रंग बघूनच पोरं खुश होतात.

पण खरी मजा घरी स्वयंपाक करण्यात आहे, कारण इथले बाजार. क्रुआ-रूसच्या टेकडीवरचा बाजार आणि सोन नदीच्या काठचा सँ-आंत्वानचा बाजार, दोन्ही सोमवार सोडून रोज सकाळी भरतात, दुपारी एकच्या सुमाराला आवरायला लागतात. एप्रिलमध्ये अॅस्परॅगस, मे मध्ये स्ट्रॉबेरी, उन्हाळ्यात खरबूज आणि टोमॅटो, ऑगस्टअखेरीस मिराबेल नावाचे छोटे पिवळे प्लम, मग भोपळे आणि अक्रोड. आपण दादरला भेंडी मोडून बघतो तसं इथे करायचं नाही, विक्रेता ओरडतो. खरबूज घेताना तो विचारेल आज खाणार की उद्या, रात्री की दुपारी, आणि मग दहा खरबुजं हुंगून एक काढून देईल. त्याला निवडू द्या. इथे ओळख वाढवायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, फ्रेंच कच्चं असलं तरी चालतं, कारण विषय खाण्याचा असला की हे लोक कितीही वेळ थांबतात.

आपलं सामान गियोतिएर भागात मिळतं, तिथे आशियाई आणि अरबी दुकानं आहेत, रवा, बेसन, कोथिंबीर, मिरच्या, सगळं. पुईची हिरवी मसूर घ्या, लिऑनच्या नैर्ऋत्येला ज्वालामुखीच्या मातीत पिकते, तिची उसळ झकास होते आणि शिजून गिचका होत नाही.

ब्रेडचं टेन्शन नको. १९९३ च्या सरकारी हुकुमानुसार ‘त्रादिस्यों’ म्हणून विकला जाणारा पाव म्हणजे पीठ, पाणी, मीठ, यीस्ट किंवा आंबवण, बाकी फार तर चिमूटभर घेवड्याचं किंवा सोयाचं पीठ, त्यामुळे साधा ‘बॅगेत’ (इथला लांब काठीसारखा पाव) न मागता ‘त्रादिस्यों’ मागा, चवीलाही तोच बरा. क्रुआसाँवर मात्र बहुतेक ठिकाणी अंड्याचा हात फिरवलेला असतो.

आता चीज. ही अवघड जागा आहे, सांगूनच टाकते. बरीचशी पारंपरिक फ्रेंच चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने दूध फाडून करतात, कोम्तेच्या तर नियमावलीतच ते आहे. लेबलवर ‘प्रेझ्युर’ दिसलं तर हेच समजायचं, आणि वरच्या त्या पांढऱ्या चीजमध्येही थोडं असू शकतं. सुपरमार्केटमध्ये सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतीपासून केलेल्या रेनेटची चीजंही मिळतात, तसं लेबलवर लिहिलेलं असतं. खायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, माझ्या ओळखीत दोन्ही प्रकारची मराठी घरं आहेत, पण काय ते विमानात बसायच्या आधी घरात ठरवा, कुणाच्यातरी टेबलावर प्लेट समोर आल्यावर नवराबायकोने मराठीत वाद घालू नये. दही, मूस आणि मुलांच्या गोळ्यांवर ‘जेलातिन’ (म्हणजे जिलेटिन, प्राण्यांपासून केलेलं) हा शब्दही शोधत जा.

मुलीच्या शाळेचं: फ्रान्सच्या शाळांमध्ये आता आठवड्यातून एक जेवण शाकाहारी द्यावंच लागतं, २०१९ च्या नोव्हेंबरात प्रयोग म्हणून सुरू झालं आणि २०२१ च्या कायद्याने कायम झालं. त्यात अंडं आणि चीज असतं. बाकी दिवसांना बिनमांसाचं काय मिळेल ते नाव नोंदवतानाच विचारा, मासा धरून की सोडून हेही विचारा. आणि हा विषय हलका समजू नका, २०२१ च्या फेब्रुवारीत कोविडमुळे लिऑनच्या महापौरांनी काही काळ सगळ्या मुलांना बिनमांसाचं एकच जेवण ठेवलं (मासे, अंडी होतीच की त्यात!) तर थेट पॅरिसचे मंत्री तुटून पडले आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नगरपालिकेसमोर आले.

प्रश्न: मुलीकडे तीन महिने राहायला येतोय. आमच्या नाशिकची वाइन अधूनमधून घेतो. जावयासमोर आणि त्याच्या फ्रेंच मित्रांसमोर अडाणी दिसू नये म्हणून काय वाचून येऊ? १८५५ ची यादी पाठ करू का? (नाशिकचे एक काका)

काका, काहीही पाठ करू नका. १८५५ ची यादी म्हणजे बोर्दो भागातल्या वाइनची नंबरवारी, ती पण सगळ्या बोर्दोची नाही, आणि त्यातल्या वरच्या नंबरातल्या बाटल्या जावई तुमच्यासमोर उघडणार नाही एवढ्या महाग असतात.

तुम्हाला उलट फायदा आहे, तुम्ही द्राक्षाच्या गावचे. गप्पा तिथूनच सुरू करा, की आमच्याकडे काढणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान चालते, तुमच्याकडे सप्टेंबरच्या आसपास. लोक खुर्ची पुढे ओढून ऐकतील बघा. नाशिकला जी शेनँ ब्लाँ लावतात ती मूळची इथल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली, तिथली एक बाटली आणून आपल्या चवीशी ताडून बघा, तीन महिन्यांत एवढा एकच प्रयोग केलात तरी भरपूर.

लेबल वाचताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडे बाटलीवर द्राक्षाची जात ठळक असते, इथे बहुतेक वेळा गावाचं नाव असतं आणि जात तुम्हाला माहीतच आहे असं गृहीत धरलेलं असतं. बर्गंडीची लाल म्हणजे जवळजवळ नक्की पिनो न्वार, पांढरी म्हणजे शार्दोने, आणि लिऑनच्या अगदी वर, उत्तरेला, बोजोले सुरू होतं, तिथली लाल म्हणजे गामे. या गामेवर १३९५ साली बर्गंडीच्या ड्यूकने बंदी घातली होती, असली हलकी वेल माझ्या राज्यात नको, उपटून टाका म्हणून! अजूनही काही पॅरिसवाले तिच्याकडे नाक मुरडून बघतात. मला विचाराल तर मोर्गों किंवा फ्लरी या बोजोलेच्या गावांची बाटली, जरा गार करून, लिऑनच्या जेवणाबरोबर, याच्यापुढे तिप्पट किमतीची बोर्दो मी घेणार नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी इथे असाल तर बोजोले नुव्हो येते, त्याच वर्षीची कोवळी वाइन, बारबाहेर पिंपं मांडतात, गर्दी, गाणी. ती एक दिवस मजेत प्यायची, तिच्यावर चर्चा करायची नाही.

बूशोंत गेलात तर बाटली न मागता ‘पो’ मागा, जाड बुडाची ४६ सेंटिलिटरची बाटली, घरची वाइन भरून देतात, स्वस्तात काम होतं. दुकानात गेलात तर काव्हिस्तला, म्हणजे वाइनवाल्याला, सरळ सांगा की आज जेवायला अमुक आहे आणि दहा-बारा युरोत बसव. पैसे आधी सांगितले की त्याला राग येत नाही, उलट त्याचं डोकं चालायला लागतं. रेस्टॉरंटमध्ये बाटली उघडून तुमच्या ग्लासात घोटभर ओततात ते आवडली का विचारायला नाही, बुचामुळे खराब झालीय का एवढंच बघायला, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास नसेल तर मान हलवा आणि मोकळे व्हा, डोळे मिटून चिंतन करायची गरज नाही. आणि गाडी जावई चालवत असेल तर त्याला भरीस घालू नका, मर्यादा रक्ताच्या लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल आहे आणि पोलीस खरंच थांबवतात.

प्रश्न: मी पीत नाही, आणि ऑफिसात दर गुरुवारी आपेरो असतो. सारखं नाही म्हणायचा कंटाळा आलाय. जाणंच बंद करू का? (ग्रनोबलहून एक वाचक)

अजिबात नाही! आपेरो म्हणजे जेवणाआधी जमून ग्लास हातात घेऊन टाइमपास, त्यातलं महत्त्वाचं काम टाइमपास आहे. मी दारू घेत नाही, थँक्यू, एवढं एक वाक्य म्हणायचं, कारण सांगायचं नाही, कारण सांगितलं की चर्चा सुरू होते. मग लेमोनेडमध्ये पुदिन्याचं किंवा डाळिंबी रंगाचं सरबत घालून देतात तो दियाबोलो मागा नाहीतर साधं सोड्याचं पाणी, फक्त ग्लास रिकामा हातात धरू नका. चिअर्स करताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, आणि दुसऱ्या दोघांच्या हातांवरून हात क्रॉस करून ग्लास लावायचा नाही, हे दोन नियम पिणारे, न पिणारे सगळ्यांना लागू.

आणि एकदा पातळ पोह्यांचा चिवडा घेऊन जा. चकली पण. मी खात्रीने सांगते, त्यांच्या त्या खारवलेल्या शेंगदाण्यांना कुणी हात लावणार नाही, पुढच्या गुरुवारी तुम्ही प्यालात की नाही कुणाच्या लक्षातही येणार नाही, चिवडा आणलाय का एवढंच विचारतील.

प्रश्न: बॉसने घरी रात्री आठला जेवायला बोलावलंय. नेमकं किती वाजता जायचं, काय न्यायचं, जेवताना काय करू नये? खूप टेन्शन आलंय. (तुलूझहून एक वाचक)

आठ म्हणजे सव्वाआठ. आठला बेल वाजवलीत तर बॉस अजून ओट्याशी असेल, पावणेनऊला वाजवलीत तर ओव्हनमधलं करपलं असेल.

फुलं न्यायची तर शेवंती सोडून काहीही, शेवंती इथे १ नोव्हेंबरच्या सुमाराला कबरीवर वाहतात आणि आपण पुणेकर नेमकी तीच उचलतो कारण ओळखीची वाटते. वाइन नेलीत तर ती त्या रात्री उघडलीच पाहिजे असा आग्रह धरू नका, त्यांनी जेवणाप्रमाणे आधीच काढून ठेवलेली असते. चांगल्या पेस्ट्रीवाल्याकडचं काही न्यायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून न्या, नाहीतर त्यांची स्वीट डिश आणि तुमची, दोघांची स्पर्धा. काय खात नाही ते मात्र आत्ताच मेसेज करून सांगा. इकडच्या लोकांना याचं वाईट वाटत नाही, वाईट वाटतं ते चार तास खपून केलेला पदार्थ पाहुण्याने काट्याने प्लेटभर फिरवत ठेवला की.

गालाला गाल लावायचा, बीझ, तो कुठे दोन वेळा कुठे तीन, आणि हल्ली बरेच लोक बॉसशी नुसता हातच मिळवतात, त्यामुळे तुम्ही पुढाकार घेऊ नका, समोरचा काय करतो ते बघून तसं करा.

जेवण क्रमाने येतं: आधी आपेरो, मग सुरुवातीचं, मग मुख्य, मग चीज, मग गोड, मग कॉफी. इथे आपल्या लोकांची पंचाईत होते, कारण आपल्याला ताट एकदम भरलेलं लागतं, आणि पहिल्याच डिशला पोट भरून घेतलं की पुढे तीन तास नुसतं बघत बसायचं. थोडं थोडं घ्या. पाव प्लेटमध्ये नाही, टेबलक्लॉथवरच बाजूला ठेवतात, घाण वगैरे वाटून घेऊ नका, हाताने तोडून खा. चीजचा थाळा एकदाच फिरतो, दोन-तीन प्रकारांचे छोटे तुकडे घ्या, आणि ब्रीसारख्या त्रिकोणी चीजचं टोक कापून घेऊ नका. टोकाला चीज सगळ्यात मऊ असतं, ते एकट्याने घेतलं तर बाकीच्यांना नुसती साल उरते, म्हणून लांबीने कापायचं. यावरून लोक खरंच मनात नोंद ठेवतात.

बोलायला विषय काय हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मी सांगते, खाण्यावर बोला. जेवताना मागच्या जेवणाबद्दल आणि पुढच्या जेवणाबद्दल बोलायची इथे पद्धतच आहे. पगार विचारू नका. राजकारणावर ते आपापसात भांडतील, आवाज चढतील, घाबरू नका, दहा मिनिटांनी तेच लोक एकमेकांना चीज वाढत असतात. दोन्ही हात टेबलावर दिसू द्यात, मांडीत ठेवू नका. निघताना लगेच उठू नका, कॉफीनंतरही अर्धा-पाऊण तास बसतात. दुसऱ्या दिवशी थँक्यूचा मेसेज करा. झालं.

प्रश्न: कॅफेतले वेटर माझ्याशी तुसडे वागतात. रंगामुळे असेल का? आणि टिप द्यावी लागते का? (पॅरिसहून एक विद्यार्थी)

कधीकधी त्यामुळेही असेल, नाही असं मी म्हणणार नाही. पण आधी एक तपासून बघ: आत शिरल्यावर, कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडल्यावर, पहिला शब्द बोंजूर म्हणतोस का? आपण दुकानात शिरून थेट ‘एक कॉफी’ म्हणतो, आपल्याकडे तो उद्धटपणा नाही, इथे आहे, बस ड्रायव्हरपासून डॉक्टरच्या रिसेप्शनिस्टपर्यंत सगळीकडे. बोंजूर म्हणूनही तुसडेपणा चालू राहिला तर ती कॅफे सोड, पॅरिसमध्ये कॅफेंना तोटा नाही. जेवायची वेळ पण सांभाळ, दुपारी बारा ते दोन, रात्री सात-साडेसातनंतर. तीन वाजता जाऊन जेवण मागितलंस तर किचन बंद असतं, त्यात तुझ्यावर राग काही नाही. टिपचं म्हणशील तर सर्व्हिस बिलातल्या किमतीतच धरलेली असते, खुश झालास तर एखाद-दोन युरो ठेव. नळाचं पाणी एक जग भरून, म्हणजे ‘कॅराफ दो’ म्हणून माग, फुकट द्यायचा कायदाच आहे, बाटलीचं पाणी घेऊन पैसे घालवू नकोस.

प्रश्न: आईबाबा पहिल्यांदाच येतायत, लिऑनमध्ये दहा दिवस. कधी बोलावू आणि काय दाखवू? येताना सामानात काय आणायला सांगू? (लिऑनहून एक वाचक)

थंडी सोसत असेल तर ८ डिसेंबरच्या आसपास बोलाव. १८५२ साली फुर्व्हिएरच्या टेकडीवर मेरीचा पुतळा बसवला त्या रात्री लोकांनी आपापल्या खिडक्यांत दिवे लावले, तेव्हापासून दरवर्षी लावतात, आता त्याला जोडून काही दिवस सगळ्या शहरात रोषणाईचा मोठा कार्यक्रम असतो. दिवाळी नुकतीच झालेली असते त्यामुळे आईला वेगळं सांगावं लागणार नाही. पण चौकात भयंकर गर्दी, त्यापेक्षा संध्याकाळी लवकर जुन्या गल्ल्यांतून फिरवून आण. फेब्रुवारीत आले तर ब्युन्य मिळतात, मार्दी ग्राच्या (ईस्टरआधीच्या उपासांच्या आदल्या दिवसाचा सण) सुमाराला तळतात, वर पिठीसाखर, बाबा म्हणतील अरे हे तर शंकरपाळेच की (अंडं असतं मात्र). जानेवारीत आले तर बदामाच्या सारणाची गालेत (गोल, पापुद्र्यांचा केक) कापायला बसव त्यांना, घरातलं सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसून कुठला तुकडा कुणाला ते सांगतं आणि ज्याच्या तुकड्यात चिनीमातीची छोटी बाहुली निघेल त्याला मुकुट.

पोल बोक्यूज या इथल्या प्रसिद्ध शेफच्या नावाची मोठी बंदिस्त मंडई दाखव, पण खरेदी बाहेरच्या बाजारात कर, मंडईत भाव चढे असतात. बूशोंत नेण्याआधी मेन्यू तू स्वतः वाच.

सामानाचं नीट ऐक. मसाले, लोणचं, पापड, भाजणी आणा, फक्त लोणच्याला तीन पिशव्या घाला. दूध, तूप, पनीर, मांस असलेलं काही युरोपबाहेरून सामानात आणता येत नाही, विमानतळावर काढून टाकतात, म्हणून घरच्या तुपाचा डबा घरीच ठेवायला सांग, इथलं लोणी उत्तम आहे, आई आल्यावर कढवेल. एप्रिल-मे मध्ये येत असतील तर हापूसची पेटीही नको, फळांना रोगकीड नसल्याचं सरकारी सर्टिफिकेट लागतं (केळी, नारळ, खजूर अशा दोन-चार फळांनाच सूट आहे, आंबा त्यात नाही), बाबांना सांग की पेटी निघायच्या आधीच संपवून या.